कॅम्पात होते

मी नऊ वर्षांची होते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातली माझ्या ओळखीची सगळी मुलं कॅम्पला जायची. कुणी तळ्यावर होड्या चालवायला, कुणी रोबोट बनवायला. मी घरी. आई इथल्या मराठी घरांसाठी पोळ्या करते, आणि माझं काम त्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी फॉइलमध्ये गुंडाळायचं. एका सकाळी मला रडू आलं. बाबा वुस्टरच्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये आचारी आहेत. ते कामावर निघाले होते. दारात बूट चढवता चढवता म्हणाले, "रडतीस कशाला? तुझे पणजोबा पण कॅम्पात होते की."

त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या डोक्यात एक चित्र होतं: धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, तळ्यात वल्हं मारताहेत. मी कुणाला कधी विचारलं नाही. वाक्य मात्र जपून ठेवलं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. जगभरातल्या सशस्त्र मुक्तिलढ्यांवरचा आणि फुटीर सेनांवरचा सेमिनार मी का घेतला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. वेळ सोयीची होती हे एक कारण. इरिट्रिया, पूर्व तिमोर, कुर्दांचे डोंगर, बियाफ्रा. दर आठवड्याला दीडशे पानं, आणि मी प्रत्येक पान दोनदा वाचायचे, कारण एकदा वाचून कळलं असं मला कधीच वाटत नाही.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर समोर ती. तिच्या घरी दर शुक्रवारी आमच्या पोळ्या जातात. तिचे आईवडील पुण्याचे, दोघं सॉफ्टवेअरमध्ये. ती माझ्या आईला मावशी म्हणते, मी तिच्या आईला काकू. आम्ही कधी भांडलो नाही. कधी फारसं बोललोही नाही. फॉइलचा गठ्ठा द्यायचा, रिकामा डबा घ्यायचा, इतकीच ओळख.

आणि मला तिचा हेवा वाटायला लागला. आधीपासून होता, पण आता त्याला आठवड्यातून दोन दिवस खुर्ची मिळाली. ती हात वर करायची तेव्हा कोपर टेबलावरच असायचं, फक्त बोटं उचललेली. मी हात वर करायच्या आधी पूर्ण वाक्य मनात तीनदा म्हणून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. एकदा ती म्हणाली की जिंकले तर मुक्तिसेना, हरले तर फुटीर टोळी, बऱ्याचदा फरक तेवढाच असतो. प्रोफेसरबाईंनी मान डोलावली आणि ते फळ्यावर लिहिलं. हेच वाक्य माझ्या वहीत आदल्या दिवशीच्या तारखेखाली होतं. मी वही बंद केली.

बाई त्या उन्हाळ्यात एक काम सुरू करणार होत्या. अशा लढ्यांतून आलेली आणि आता मॅसॅच्युसेट्समध्ये राहणारी माणसं शोधायची, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. मदतीला अर्ज मागवून वर्गातून एकच विद्यार्थी घेणार होत्या. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी घरी सांगितलंही नव्हतं.

मग तिचं प्रेझेंटेशन आलं. तिने पडद्यावर सरकारने स्वातंत्र्यसैनिकाला दिलेल्या एका ताम्रपटाचा फोटो लावला. तो मी ओळखला, त्यांच्या हॉलमध्ये शू रॅकच्या वर टांगलेला असतो. तिचे पणजोबा निजामाच्या राज्याविरुद्ध लढले होते. भारत स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थान सामील व्हायला तयार नव्हतं, तेव्हा सरहद्दीच्या अलीकडे या लोकांनी तळ टाकले होते, तिथून बंदुका घेऊन ते नाक्यांवर हल्ले करायचे. "दे कॉल्ड देम कॅम्प्स," ती म्हणाली. मागे कुणीतरी विचारलं की शेकोटीवर मार्शमेलो भाजायचे का. वर्ग हसला, तीही हसली.

मी हसले नाही. माझ्या डोक्यातल्या म्हाताऱ्याच्या अंगावरून लाइफ जॅकेट गळून पडलं आणि खांद्यावर बंदूक आली. त्या दिवशी मी वाक्य तीनदा म्हणून पाहिलं नाही. हात वर केला आणि म्हणाले की माझेही पणजोबा कॅम्पात होते.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच वर्गात मराठीत बोलली. "कुठल्या?"

आमचं गाव बार्शीच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीत, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, बार्शीकडच्या. बाईंचे डोळे चमकले. एकाच वर्गात दोघी, त्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं की हे लिही, अर्जासोबत दे. त्या दिवशी बसमधून घरी येताना मी खिडकीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघून हसत होते.

बाबांना विचारलं तर ते कांदा चिरत राहिले. म्हणाले, लहानपणी ऐकलेलं, नक्की आत्याला माहीत. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अजून गावातच असते, पणजीच्या मांडीवर वाढलेली. रविवारी सकाळी मी तिला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती, ती अंगणात शेंगा सोलत होती.

मी पणजोबांच्या कॅम्पाबद्दल विचारल्यावर ती आधी खूप हसली, इतकी की फोन हातातून सुटला आणि मला नुसतं आभाळ दिसत राहिलं.

"आगं, ह्यो कुठला कॅम्पात," आभाळातून आवाज आला. "कॅम्पाला भाकरी जायची आपली. ती बी ह्यो न्हाई, म्हातारी न्यायची."

मग तिने सांगितलं ते असं. कॅम्पातला एक माणूस मळ्यात निरोप ठेवून जायचा, इतक्या भाकरी. पणजी त्या थापायची, पाटीत खाली ठेवायची, वर गोवऱ्या रचायची, आणि गोवऱ्या विकायला चालले म्हणून नाका ओलांडायची. एकदा नाक्यावरच्या पोलिसाने वरच्या दोन गोवऱ्या उचलल्या. खालून वाफ आली. पणजी म्हणाली, ताजं शेण आहे. त्याने हात मागे घेतला.

मी हसले. आत्या हसली नाही. तिने सांगितलं की गावातल्या एकाला खबऱ्या समजून कॅम्पवाल्यांनी बाभळीला बांधून मारलं होतं. तो खबऱ्या नव्हता. त्यानंतरही पणजीने भाकरी थापल्या. मी विचारलं, देशासाठी? आत्या म्हणाली, थोडं देशासाठी आन् थोडं भ्याव वाटायचं म्हणून. नाही म्हणायची सोय होती का?

पणजोबांचं पुढे. बऱ्याच वर्षांनी सरकार ताम्रपट आणि पेन्शन द्यायला लागलं. शेजारच्या घरी ताम्रपट आला. पणजोबा कॅम्पाच्या जुन्या प्रमुखाकडे दाखला मागायला गेले, तर त्याने सांगितलं, यादीत नाव नाही. पणजीचं नाव यादीत घालावं हे कुणाच्या मनातही आलं नाही, पणजोबांच्याही नाही. परत आल्यापासून पारावर बसून ते सांगायला लागले की मी कॅम्पात होतो. शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मरेपर्यंत सांगत राहिले. गावाला माहीत होतं, कुणी खोडलं नाही.

कॉल संपला. मला वाटत होतं, मी वर्गात एक चूक केली. पण तीच चूक, त्याच कारणाने, पारावर बसून आधी कुणीतरी केली होती. समोरच्याच्या भिंतीवर काय आहे ते बघून.

अर्जात मी सगळं खरं लिहिलं. पणजोबा कॅम्पात नव्हते, वर्गात सांगितलं ते चुकीचं होतं, पणजी भाकरी न्यायची, बाभळीचंही. आमच्या वाचनात रसदीवर एक आख्खं प्रकरण होतं आणि मी ते भराभर उलटलं होतं, हेही लिहिलं. पुढच्या तासाला बाईंना विचारून वर्गातही दुरुस्ती केली. हळू बोलले, शेवटच्या रांगेतल्यांना दोनदा सांगावं लागलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात कुत्सित काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

जागा तिला मिळाली. बाईंनी मला लांब ईमेल लिहिली, माझं लिखाण त्यांना आवडलं होतं, पण तिला रेकॉर्डिंगचा अनुभव होता. अनुभव तिला एका समर कॅम्पात मिळाला होता. हे मी रचून सांगत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी आईचा गुडघा दुखत होता, म्हणून पोळ्या घेऊन मी गेले. दार तिनेच उघडलं. तिच्या खांद्यावरून ताम्रपट दिसत होता, नुकताच पुसलेला. मी अभिनंदन म्हटलं. ती थँक्स म्हणाली आणि मग पाय बदलत उभी राहिली. बाईंना माझ्या आत्याची गोष्ट प्रोजेक्टमध्ये हवी होती. इथे राहत नसली तरी चालेल, फोनवर करू. तिला आत्याचा नंबर पाहिजे होता.

गठ्ठा गरम होता, फॉइलमधून तळव्याला चटका बसत होता. माझ्या हातून जागा गेली होती आणि आता ती आत्याही मागत होती.

"त्या तुझ्याशी बोलणार नाहीत," मी म्हटलं.

म्हणताक्षणी कळलं की हे खोटं आहे. आत्या दारावर आलेल्या भांडेवाल्याशीही तासभर बोलते. आवाज मात्र मला ओळखीचा वाटला, जरा चढलेला, शेजाऱ्याला ऐकू जाईल असा.

"नाही, बोलतील," मी म्हटलं. "पण त्यांची भाषा तुला कळणार नाही. गोवऱ्या माहितीयेत तुला?"

तिने मान हलवली. "समथिंग विथ काऊज?"

"फोन मी लावणार. विचारणार मी. तू रेकॉर्ड कर. आणि नावं लिहाल तिथे माझं नाव घालायचं. माझ्या पणजीचं पण. आत्याला विचारून सांगते, मला पणजीचं नाव माहीत नाही."

"ऑफ कोर्स," ती म्हणाली, आणि पोळ्या घ्यायला हात पुढे केले. कुणाचं नाव यादीत घालायचं हे ती इतक्या सहज बोलू शकली, याचाही मला हेवा वाटला. मी रिकामा डबा घेतला आणि गाडीत बसून आत्याला फोन लावला, नाव विचारायला.