शेवंतीमावशींची चाल

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगून काय होणार — ते मलाही माहीत नाही.

मांडवीला माझी रेकॉर्डिंगची खोली होती. खोली म्हणजे काय — एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या गाद्या. दोन हजार सालच्या आसपास तेवढ्यावर माणूस संगीतकार होत असे. ढोलकी, सनई, कोरस, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये तयार मिळायचं. चाल तेवढी मिळायची नाही. ती सुचावी लागते. मला सुचत नव्हती.

नाटे गावच्या शेवंतीमावशी मासे विकायच्या आणि लग्नघरी हळदीची गाणी स्वतः जुळवून म्हणायच्या. भाच्याच्या लग्नासाठी कॅसेट करून घ्यायला आल्या. त्यातलं एक गाणं त्यांनी धाकट्या लेकीच्या हळदीला रचलेलं. एका दमात म्हटलं, पाणी प्यायल्या, गेल्या. रेकॉर्डिंग माझ्याकडे राहिलं.

मुंबईच्या एका कंपनीला तेव्हा कोकणी ढंगाचं नवं गाणं हवं होतं. मी काय केलं? मावशींची चाल तशीच ठेवली, शब्द बदलले, खाली ठेका घातला. सीडीवर छापून आलं — संगीत, आणि पुढे माझं नाव. गाणं रिक्षांत वाजलं, वरातीत वाजलं. लोक म्हणायचे, काय वेगळी चाल आहे हो. मी हसायचो.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

दोन-तीन वर्षांनी शहरात बायकांची गाण्याची स्पर्धा झाली. अट एकच, रचना स्वतःची हवी. मी परीक्षक. मावशी स्टेजवर आल्या, मला बघून ओळखीचं हसल्या आणि तेच गाणं म्हणाल्या. शेजारच्या परीक्षक बाईंनी हळूच विचारलं, "ही तर तुमची चाल ना?"

मी म्हटलं, "हो."

माइकवरून सांगितलं गेलं, सीडीवरचं गाणं चालणार नाही.

"हा गाना माजाच हाय," मावशी म्हणाल्या. लोक हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी सांगा ना."

मी गुणांच्या कागदाकडे बघत राहिलो. त्या खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

पुढे सीडी कोणी घेईना. मी लोकांच्या मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायला लागलो. एकदा मावशींची ती धाकटी लेक आली. बोलता बोलता म्हणाली, "आई आता हळदीला गात नाय. म्हणते, लोक बोलतील, सीडीतला उचलला."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं. मी विचारलं, "कुठली गाणी भरू?"