जाड नळीची दुर्बीण

बँकेतल्या कारकुनाला नेमबाजीतलं कळतं, असं फक्त त्या कारकुनाला वाटतं. तो कारकून मी.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मंद्रूपला सासऱ्यांची ज्वारी पहिल्यांदा झकास आली, आणि रानडुकरं जावयांपेक्षा जास्त फेऱ्या मारू लागली. सासऱ्यांकडे परवान्याची रायफल होती, पण नजर अधू झालेली. ते म्हणाले, "दोघा जावयांत ज्याचा नेम चांगला, त्याचं नाव परवान्यात घालू." झालं! माझा साडू चन्नप्पा (सूतगिरणीत नोकरी, तोंडात कायम सुपारी) याचं नाक कापायचंच, असं मी ठरवलं.

चन्नप्पानं रायफलीवर लावायची बारीक नळीची दुर्बीण आणली. मी जर्मनीहून आलेल्या मित्राला लोणी लावून जाड नळीची मिळवली.

"नळी जाड, तितका उजेड जास्त," मी बांधावर व्याख्यान दिलं. "बोअरपेक्षा विहिरीत पाणी जास्त मावतं की नाही?"

"उजेड पुढच्या भिंगातनं येतो की," चन्नप्पा म्हणाला. "भिंगं दोन्हीची सारखीच हायती. जाड नळीत नेमाची फुली सरकवायला जागा जास्त, एवढंच."

"तू सुपारी खा."

तिन्हीसांजेला सासऱ्यांनी दोन्ही नळ्यांना डोळा लावला. "मला तर सारखंच अंधुक दिसतंय." (अधू नजर, त्यांचं काय धरायचं!) मग माझ्या बायकोनं पाहिलं. "सारखंच हाय हो." (सख्खी बायको!)

मग नेम. समोर ठेवलेला डबा चन्नप्पानं पहिल्याच गोळीत उडवला. दुसरा डबा ठेवला. माझी जाड नळी रायफलीवरच्या कड्यांत बसेना, कारण कड्या बारीक नळीच्या. मी त्या पकडीनं फाकवल्या आणि वरून सुतळी आवळली.

"अहो, डोळा लई जवळ लावलाय," बायको म्हणाली.

"जवळून जास्त दिसतं," असं म्हणून मी चाप ओढला.

रायफलीनं मागं धक्का दिला, सुतळी तुटली आणि जर्मन नळी माझ्या भुवईत घुसली. डबा जागेवरच. गोळी गेली पलीकडच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपात, आणि पाण्याचं कारंजं उडालं. ते मात्र मला दुर्बिणीशिवाय स्वच्छ दिसलं, एका डोळ्यानं.

बायको पदरानं रक्त पुसत होती. चन्नप्पा नुसता सुपारी कातरत राहिला. तेच जास्त लागलं. सासऱ्यांनी रायफल त्याच्या हातात दिली. मग खोपीत जाऊन पाखरं हाकायची गोफण आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"जावईबापू, तुमी ही घ्या. हिला नळीच नसती."