मॅटिनीचा काउबॉय

परवा रविवारी दुपारी फ्रँकफर्टच्या घरी टीव्हीवर एक जुना, स्वस्तातला काउबॉयपट लागला होता. नायक जर्मनमध्ये बोलत होता, आवाज खरखरत होता आणि पाठलागात तोच खडक पुन्हा पुन्हा मागे जात होता.

आई गेली त्या महिन्यात बाबांनी मला सोलापुरात असाच एक सिनेमा मॅटिनीला दाखवला होता. मी लहान होते, इंग्रजी कळत नव्हतं. थिएटरात बिडीचा वास कोंडला होता. पडद्यावर नायकाचा घोडा पाय घसरून कोसळला आणि शेजारी बाबा हुंदके देऊ लागले.

"बाबा, रडू नका. उठला बघा घोडा," मी म्हणाले.

"हो गं, उठला," म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला.

घोड्यासाठी रडणाऱ्या बाबांची मी समजूत काढली, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.