सासऱ्याचा पाय, माझं कुंकू

बातमी आली तेव्हा मी अंगणात तुरी पाखडत होते. नातसून फोन घेऊन आतून आली. तिला सहावा सरत आला होता, चालताना एक हात कमरेवर असायचा.

"आजी, आजोबा गेले म्हणत्येत."

"कुणाचे आजोबा?"

तिनं फोन पुढं धरला. मी चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. फोनमध्ये माझा नवरा छत्री घेऊन एक पाय ओढत चालत होता आणि खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. मागून माणसं हसल्याचा आवाज येत होता. त्या मालिकेत तो पडला, अडखळला की असा हसण्याचा आवाज टाकायचे. मेल्याच्या बातमीतूनही तो कुणी काढला नव्हता.

मी सूप खाली ठेवलं नाही. तुरी तेवढ्या संपवल्या.

तो मोठा नट होता, हे खरं आहे. घराघरात टीव्ही नव्हते तेव्हाची ती मालिका. तिच्यात त्याची बायको दर खेपेला रुसून माहेरी जायची आणि तो काहीतरी घोळ घालून तिला परत आणायचा. सगळ्या महाराष्ट्राला तो नवरा आवडायचा. बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी त्याची लग्नाची बायको. मला आणायला तो कधी आला नाही. पण मी तरी कुठं गेले होते? मी त्याच्याच घरात होते.

आम्ही ऊसतोडीला जायचो. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा बाप्या किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. कारखान्याच्या गावात एक नाटकमंडळी होती. रात्री खोपीवर, पाचटाच्या झोपड्यांपुढं, नवरा सगळ्यांच्या नकला करायचा, त्या मंडळीतल्या कुणीतरी ते पाहिलं. एका हंगामात मधूनच तो त्यांच्याबरोबर गेला. मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. सकाळी मुकादम आला आणि म्हणाला, "अर्धा कोयता घिऊन मी काय करू, बाई?"

माझा दीर तेव्हा बैल सोडत होता. त्याचं लग्न ठरायचं होतं. तो म्हणाला, "मी हाय की. लावा जोडी."

ती जोडी पुढं त्याच्या मरणापर्यंत लागली. तो तोडायचा, मी मोळ्या बांधायची, दोघं मिळून गाडी भरायचो. लोक बोलायचे. बोलणाऱ्याला कोयता धरायचा नसतो, त्यामुळं त्याला वेळ असतो. दिराला पुढं कुणी मुलगी दिली नाही. मी कुंकू मोठं लावायला लागले ते तेव्हापासून. नवऱ्याच्या नावाचं म्हणून नाही. खोपीवर बिनकुंकवाच्या बाईच्या खोपटात कुणीही डोकावतं. तेवढ्यासाठी ते होतं आणि त्या कामाला ते पुरलं.

मालिका लागायला लागली तेव्हा गावात एकच टीव्ही होता, ग्रामपंचायतीत. आम्ही पावसाळ्यात घरी असायचो तेवढीच बघायला मिळायची. पहिल्यांदा तो पडद्यावर आला तेव्हा पोरं पुढं सरकली. मग तो चालला. डावा पाय ओढत, उजवा खांदा वर करून, दर चौथ्या पावलाला थांबून मागं बघत. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर म्हातारा चालतोय!"

म्हातारा म्हणजे माझा सासरा. तो तिथंच पुढं बसलेला. उसानं भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं, तेव्हापासून तो तसा चालायचा. मागं बघायचा ते पुन्हा गाडी येते का म्हणून. सगळे हसले. सासराही हसला. "माझं लेकरू हाय," असं शेजारच्याला सांगत होता.

खोटं कशाला बोलू, काम तो चांगलं करायचा. मीपण हसले. पण थोड्या वेळानं ती टीव्हीतली बायको चिडली आणि भांड्यांशी भांडायला लागली. तवा आपटून तव्याला म्हणाली, "तू तरी बोल, का तुलाबी गिळलंय मांजरानं?" ते माझं होतं. मी चुलीपुढं तसंच बोलायची. माझं भांडण त्यानं दुसरीच्या तोंडात घातलं होतं. शेजारीण मला कोपर मारून म्हणाली, "अगं, तूच की गं ती!" मी उठून घरी आले.

सासऱ्याचं वाईट झालं. पोरं त्याच्या मागून पाय ओढत चालायची. पाटोद्याच्या बाजारात अनोळखी माणसं त्याला थांबवायची. "बाबा, नक्कल भारी करता. छत्री कुटाय?" तो सांगायचा, नक्कल नाही, पाय मोडलाय. मग ते आणखी हसायचे. त्यानं बाजार सोडला. पुढं गुरांमागं जाणंही सोडलं. मोडलेल्या पायानं तो जन्मभर हिंडला होता, आणि मुलाचं नाव झाल्यावर ओट्यावर बसला. उठायचं झालं तर इकडंतिकडं बघायचा, कुणी नसलं तरच उठायचा.

तो मेला तेव्हा नवरा आला. एकदाच आला तो. गाडीतून उतरला तर अर्धं गाव मयत सोडून गाडीकडं धावलं. दहाव्यापर्यंत तो राहिला. त्या दिवशी ओढ्याच्या काठी सगळे जमलो. घरच्यांच्या हजामती झाल्या, पिंड मांडले, कावळ्याची वाट बघत सगळे मागं सरून उभे राहिले. रिकामा वेळ होता. पोरांनी त्याला घेरलं.

"दादा, ते चालणं दावा की एकदा."

"आरं, दिवस कुठला, काय मागता," एक म्हातारा म्हणाला.

"दादा, एकच डाव!"

माझ्या नवऱ्याला लोकांना नाही म्हणता यायचं नाही. ते फक्त घरच्यांना म्हणता यायचं. तो उभा राहिला, खांदा वर केला आणि बापाच्या पिंडासमोर वाळूत बापाचा पाय ओढत चालला. चौथ्या पावलाला मागं बघितलं. लोक आधी दबून हसले, मग मोकळे हसले. दहाव्याला जमलेली माणसं पोट धरून हसत होती. दीर ओढ्यात उतरला आणि तोंडावर पाणी मारत राहिला, किती वेळ तरी. नवऱ्याचा चेहरा मी जवळून पाहिला. त्याला लाज वाटत नव्हती, आनंदही होत नव्हता. बैलाला चाबूक दाखवला की बैल चालतो, तसा तो चालत होता.

संध्याकाळी तो निघून गेला. मला म्हणाला, "काही लागलं तर कळव." पत्ता दिला नाही.

दीर गेला त्याला आता काही वर्षं झाली. तोडीवरच छातीत दुखलं, घरी आणला, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेला. तिथं माझ्यासमोर गेला. मयत घरी आणली, जाळली. मी आले, न्हाले, भाकरी टाकल्या. शेजारणी आल्या त्या मुलाशी बोलल्या, "तुझा चुलता गेला, लई राबला बिचारा." मला कुणी काही म्हणालं नाही. म्हणणार तरी काय, मी त्याची कुणी नव्हते. त्या दिवशी कुणी माझ्या बांगड्या फोडायला आलं असतं तर मी हात पुढं केले असते. कुणी आलं नाही.

नवऱ्याची बातमी आली त्याच संध्याकाळी मात्र बाया आल्या. पुढं माझी चुलत जाऊ. ती विधवा आहे. कुंकू पुसायचं काम आमच्याकडं विधवाच करतात, बाकीच्या पाणी धरतात.

"बस खाली," ती म्हणाली. "आंघोळ घालायची."

"मी सकाळी केलीय."

"थट्टा न्हाई गं. कपाळ पुस. बांगड्या उतर."

"कावून?"

"कावून म्हंजी? नवरा मेला न्हवं तुझा! माझ्या टायमाला तूच पाणी घिऊन उभी होतीस."

"तुझा घरात मेला. माझा टीव्हीत मेला. टीव्हीत त्याची दुसरी बायकोबी दावली. तिचं पुसा जाऊन."

"तिनं गॉगल घातलाय," मागून एक पोरगी म्हणाली. एक-दोघी हसल्या.

जाऊ हसली नाही. नातसुनेकडं बोट करून म्हणाली, "फुडल्या महिन्यात हिची ओटी हाय. तू अशी मिरवलीस तर एक सवाष्ण दारात येणार न्हाई. आन पुसलंस तर तू गप मागं बसायचं. काय ते ठरव."

तिथं माझं अडलं. सून माझ्या आधी गेली. नातू मी वाढवला. ही मुलगी मी बघून आणली. तोडीला जाऊ दिली नाही, पोटुशी बाई मोळी उचलते तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. नातू तिच्याशिवाय, बापाबरोबर ट्रॅक्टरवर तोडीला गेला होता. तिची पहिली ओटी मी भरायची, हे मी तिच्या आईला लग्नातच सांगितलं होतं. मला दुसरं काही नको होतं.

मुलाचा कारखान्यावरून फोन आला. "सुतक पाळायचं का?" मी म्हणाले, "पाळ. बाप होता तुझा." कुंकवाचं तो काही बोलला नाही आणि मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून पुढारी आला. सोबत दोन-चार पोरं, एकाच्या खांद्यावर कॅमेरा.

"काकू, सगळा महाराष्ट्र रडतोय."

"मग बास झालं की. मी आणि कशाला?"

"तसं न्हवं. शाळेच्या मैदानात शोकसभा ठेवलीय. तुमी स्टेजवर पाहिजे. दोन शब्द बोला. आन..." तो माझ्या कपाळाकडं बघून थांबला. "कॅमेरे असत्येत, काकू. रीत तेवढी सांभाळा. लोकान्ला वाईट दिसतं."

"चाळीस वर्सं न्हाई का दिसलं?"

तो हात जोडून निघून गेला.

सभेला मी गेले, कुंकू लावून. मैदान भरलं होतं. पुढारी बोलला, मास्तर बोलले. फाट्यावर पुतळा बसवायचं ठरलं. पुतळा कसा, तर छत्री घेतलेला, पाय ओढत चालणारा, मागं वळून बघणारा. टाळ्या पडल्या. मग माइक माझ्यापुढं आला.

मी म्हणाले, "ते चालणं ह्याचं न्हाई. ते माझ्या सासऱ्याचं हाय. उसाच्या गाडीचं चाक पायावरून गेल्तं त्याच्या. पुतळा बसवताय तर सासऱ्याचं नाव लिवा."

आधी एक पोरगं हसलं. मग ओळीच्या ओळी हसल्या. त्यांना वाटलं मी मालिकेतल्या बायकोसारखं बोलतेय. मी म्हणाले, "हसू नका, पाय मोडला होता," तर आणखी हसले. कुणी शिट्टी मारली. पुढाऱ्यानं डोळे पुसत माइक घेतला आणि म्हणाला, "बघा, काकूंच्या रक्तातच कला हाय!"

मी खाली उतरले. नंतर माझं ते बोलणंसुद्धा फोनवर फिरलं म्हणे, हसण्याचा आवाज टाकून.

त्यानंतर बाया यायच्या बंद झाल्या. हळदीला बोलावणं नाही, बारशाला नाही. विहिरीवर बोलायच्या, पण घरात पाऊल टाकायच्या नाहीत. विधवा असते तर कुठं बसवायचं ते त्यांना ठाऊक होतं. सवाष्ण असते तरी ठाऊक होतं. अशीचं काय करायचं ते कुणाला कळेना.

ओटीचा दिवस आला. मी अंगण सारवून घेतलं, पुरण शिजवलं, हिरवी साडी, खण, गहू, नारळ मांडला. नातसुनेची आई आणि मावशी आल्या. गावातली एकच आली, चुलत जाऊ, आणि ती दाराबाहेर बसली. मुलगी पाटावर बसली. हिरव्या साडीत चांगली दिसत होती. मी नारळ हातात घेतला.

तिची आई पुढं झाली. "अत्याबाई, राग मानू नका. मी भरते."

"मी भरणार म्हणून सांगितलंतं."

"तवाचं वेगळं होतं. आता पोरीच्या पोटाकडं बगा जरा."

मी मुलीकडं बघितलं. तिनं म्हणावं, आजी भरा, एवढंच मला हवं होतं. तिनं मान खाली घातली, ओटीसाठी पसरलेला पदर आखडून पोटाशी धरला, दोन्ही हातांनी. भ्याली होती. पोटातल्या लेकरासाठी बाई कशालाही भिते, त्याचा राग कसा धरायचा?

मी नारळ पाटाजवळ ठेवला आणि बाजूला झाले. आईनं ओटी भरली. पदर तिनं पुन्हा पसरला होता. मावशीनं ओवाळलं. मी चुलीकडं जाऊन पोळ्या लाटायला बसले, कारण माणसं जेवायची होती.

जाऊ बाहेरून उठून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आता तरी पूस गं. कुणासाठी ठिवलंयस?"

मी म्हणाले, "पीठ दे इकडं."

तिनं परात सरकवली आणि माझ्या शेजारी बसून गोळे करायला लागली.