आप्पारावची नसलेली म्हैस

साखराबाई कुणाला भीत नाही, असं अख्खं चकलांबा गाव सांगेल. अंगावर आलेल्या सांडाच्या नाकावर तिनं चापट मारलेली लोकांनी पाहिली आहे, आणि त्यानंतर सांडच तिचा रस्ता टाळायचा. पण दुधाला गिऱ्हाईक मिळेल म्हणून नवरा-बायको म्हैस घेऊन पाटोद्याला भाड्याच्या घरात राहायला आले, आणि या बाईला एका आवाजाची धास्ती बसली. मोटारसायकल दारासमोर येऊन बंद होण्याचा आवाज.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा ती गोठ्यात होती. दारात काळ्या चष्म्याचा एक धिप्पाड माणूस आणि त्याच्यामागं दुसरा, बिनचष्म्याचा.

"आप्पाराव हाय का?"

"न्हाई. बसा, चहा टाकते."

चूक झाली ती इथंच. चकलांब्यात दारी आलेल्याला आधी चहा देतात, मग कोण म्हणून विचारतात. चहा पिताना चष्मेवाल्यानं म्हैस निरखली. "जनावर झ्याक हाय." म्हशीचं कौतुक ऐकून साखराबाई फुलली आणि ती दूध किती देते, स्वभावानं किती गरीब आहे, हेही सांगून बसली. चष्मेवाल्यानं कप खाली ठेवला. "म्हशीसाठीच कर्ज घेतलंय आप्पारावनं. हप्ते थकलेत. पुढच्या बारीला म्हैस नेणार, सांगून ठिवा त्येला."

आप्पाराव म्हणजे घरातला आधीचा भाडेकरू. तो म्हशी विकून पुण्याकडं पसार झाला होता. म्हैस आमची आहे, हे साखराबाईच्या तोंडून निघायच्या आत ते दोघे निघून गेले, आणि ती उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. ही म्हैस तिच्या हातावर वाढलेली. घरात चूल पेटायची ती हिच्या दुधावर.

नवऱ्याला सांगावं, तर नवरा म्हणजे कुकरच्या शिट्टीला दचकणारा गडी. तिनं सांगितलंच नाही.

नवऱ्याचं नाव मुंजाजी. हे मी सांगतोय, ती सांगणार नाही. लेकीला लेकी झाल्या तरी तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. पिंपळाखाली मुंजाचं ठाणं असतं ना, त्यालाही ती 'पारावरचा देव' म्हणते. उगाच निम्मं नाव तोंडात यायला नको.

तिनं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला आणि मागून घरात शिरायला सुरुवात केली. दुपारी तर म्हैसही पुढच्या खोलीत बांधायची. म्हैस पलंगाकडं तोंड करून रवंथ करत बसे आणि साखराबाई खिडकीच्या फटीला डोळा लावून.

मग तो दिवस आला. मुंजाजी रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला दोघांची आधारकार्डं घेऊन तहसीलला गेले होते. गल्लीत मोटारसायकल बंद झाली आणि तिच्यामागं पिकअपही बंद झाला. साखराबाईनं दोन्ही हातांनी म्हशीचं तोंड धरलं. तिच्या छातीचे ठोके म्हशीलाही ऐकू गेले असावेत, कारण म्हैस जीव खाऊन हंबरली.

"आप्पाराव! आत हाईस न्हवं का बे?" बाहेरून हाक आली. "का म्हशीलाच बोलायला ठिवलंय?"

मागचं दार तर उघडंच होतं. दोघे तिथून आत आले.

"आप्पाराव न्हाई राहत हितं," ती भिंतीला टेकून म्हणाली.

"मग कोण राहतं? मालकाचं नाव सांगा."

"आमचे... योगिताचे वडील."

"आप्पारावला बी पोरगीच हाय. नाव, मावशी, नाव!"

"नाव कसं घिऊ बाबा?"

"खरं आसतं तर कावून लपवलं आसतं?" बिनचष्मेवाला म्हणाला आणि त्यानं दावं सोडलं.

शेजारी मदतीला येतील म्हणावं, तर मोटारसायकल वाजताच सगळ्या गल्लीची दारं लागली होती. समोरच्या चंद्रभागाबाईच्या बचतगटाचा हप्ता थकलेला. वसुलीवाले आपल्याकडंच आले, या भीतीनं ती पिठाच्या डब्यामागं बसली होती.

म्हशीचे पुढचे पाय पिकअपच्या फळीवर चढले, आणि गल्लीच्या तोंडाशी मुंजाजी दिसले. पिशवी हातात, टोपी डोक्यावर. त्यांनी पिकअप पाहिला, चष्मा पाहिला आणि शहाण्या माणसासारखे ते आल्या पावली मागं वळले.

"अवंऽ! ऐकलं का! अवं, हिकडं!"

भ्यालेल्या माणसाचे कान बंद असतात. मुंजाजी कोपऱ्याला पोचले. आणखी दोन पावलं, की म्हैसही गेली आणि साक्षीदारही गेला. साखराबाईनं डोळे मिटले.

"मुंजाजीऽऽऽ!"

चंद्रभागाबाईच्या घरात डबा पडला. मुंजाजी एक पाय उचललेलाच ठेवून थबकले आणि कुणी मेलं की काय म्हणून इकडंतिकडं बघू लागले. साखराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर पडलेलं नाव आता परत गिळता येणार नव्हतं.

धिप्पाड माणसानं चष्मा काढला. रामेश्वर त्याचं नाव, लिंबागणेश गावचा. चष्मा उतरल्यावर तो कुणाच्याही घरचा लेक दिसत होता.

"म्हैस उतरव," तो म्हणाला.

"आधार तर बघू की—"

"उतरव म्हणलं ना बे! माझी माय अजून बापाचं नाव घेत न्हाई, बँकेत सुदिक न्हाई. खोटं बोलायला कुठली बाई आसं वरडती?" मग तो साखराबाईकडं वळला. "चुकलं, मावशी."

तिला ते ऐकूच आलं नाही. ती नवऱ्याकडं बघत होती.

संध्याकाळी सगळं दूध तिनं मुंजाजींना पाजलं. कपाळाला हात लावून पाहिला. छातीत दुखतंय का, डोळ्यापुढं अंधारी येती का, दर घटकेला विचारलं. मुंजाजी उशीला टेकून लाजत होते.

"अगं, लई गोड वाटलं. एकडाव म्हण की परत."

"गप पडा!" ती ओरडली, आणि त्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते पाहायला नाकाशी बोट धरून बसली.