लाईट आली की गोठणारा डबा

शेतीची लाईट यायला अवकाश होता, तरी रोहिणी पाटील गावच्या पाण्याच्या टाकीखाली लॅपटॉप उघडून बसली होती. टाकीवर तिच्या पुण्याच्या कंपनीचा राखाडी डबा आहे. विहिरीतलं पाणी संपत आलं की तिथलं यंत्र या डब्याला बिनतारी निरोप धाडतं आणि डबा त्या शेतातली मोटार बंद करतो. निरोप घेणारा-देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, रोहिणीने लिहिलेला. चाचणीसाठी तिने शहाद्याजवळचं स्वतःचंच गाव सुचवलं आणि चुलते बन्सीलाल, म्हणजे नाना, यांना सगळ्यांत आधी तयार केलं.

शेतीच्या लाईटच्या मागच्या पाळीला डबा गोठला, निरोप घेईना की देईना. विहीर आटली, मोटार कोरडी फिरत राहिली.

"तुन्हा डबा झोपी गया आनि मन्ही मोटार जळी गयी," नानांनी तिला चारचौघांत ऐकवलं. "आते एक डाव बघस. परत आसं व्हयनं ते डबा काढी फेकसू. सांगी दे तुन्हा पुणावालास्ले."

नानांनी डबा नाकारला की बाकीचेही नाकारणार, हे तिला सांगावं लागलं नाही.

पुण्यातला तिचा सहकारी ललित फोनवर म्हणाला, "इथे एकदाही गोठत नाही. तुमच्याकडची लाईटच खराब असेल."

"तुझ्या टेबलावर मोटारी किती आहेत?"

"एक. तीही खोटी."

"इथे सगळ्यांचे ऑटो चालू असतात."

लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारा हा ऑटो स्विच या भागात कोणी बंद करत नाही. वीज कंपनीचे लोक सांगून थकले. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि प्रत्येक मोटारीवरचं यंत्र त्याच क्षणी 'सुरू झाले' असं कळवतं. मोटारींचा हा एकदम उठणारा आवाज रोहिणी लहानपणापासून ऐकत आली. ड्रायव्हर लिहिताना तो तिच्या डोक्यात आला नाही.

निरोप आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून तो घ्यायला धावतो. निरोपांच्या रांगेला एक कुलूप असतं, एका वेळी एकानेच ती हाताळावी म्हणून. उत्तर पाठवणारं काम कुलूप धरून बसलेलं असतानाच नवा निरोप आला. निरोप घेणारा कुलूप सुटायची वाट पाहत राहिला. कुलूप धरणारं काम तो बाजूला झाल्याशिवाय पुढे सरकणार नव्हतं. दोघेही अडकले. एकेकट्या निरोपाला ही वेळ सहसा साधत नाही. शंभरांच्या गर्दीत साधतेच.

तिची पहिली दुरुस्ती सोपी होती: कुलूप हातात असेपर्यंत निरोपांना दार बंद. पुण्यात ललितने खोट्या निरोपांचा मारा केला. डबा गोठला नाही, पण निरोप गळायला लागले. उत्तर पूर्ण जाईपर्यंत दार बंदच राहत होतं आणि तेवढ्यात चिपमधली निरोप साठवायची जागा भरून जात होती. गळलेला निरोप 'पाणी संपलं' हाच असला, तर मोटार जळणारच. मग तिने कुलूप फक्त रांगेतून निरोप उचलण्यापुरतं ठेवलं, आणि पाठवण्याचं सावकाश काम कुलूप सोडल्यावर करायला लावलं. पुण्यात ते टिकलं. पुण्यात मूळचा ड्रायव्हरही टिकला होताच; आज डब्यात नवा होता.

लाईट आली. शिवार एकदम घुमलं. पडद्यावर सुरू झालेल्या मोटारींच्या मालकांची नावं उमटू लागली. डबा चालू होता. ती ओळी खालपर्यंत वाचत गेली. बन्सीलालांचं नाव नव्हतं. तिने पुन्हा वाचलं. तिने फोन लावला.

"नाना, मोटार सुरू शे का?"

"नही. ऑटो बंद करेल शे."

"का?"

"तुन्हा डबावर मन्हा भरोसा नही. मी मोटारजवळ बसेल शे."

"नाना, चालू करा ना. माले बघनं शे."

"नवी मोटार शे, बेटा. जळनी ते तू भरशी का?"

तरी त्यांनी बटण दाबलं. नाव आलं. त्यानंतर विहीर उपसेपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं. नाना बटणावर हात ठेवून, रोहिणी पडद्यावरून नजर न हलवता. आई भाकरी घेऊन आली, ती रोहिणीने बाजूला ठेवली. दुपारी 'पाणी संपलं' हा निरोप आला, डब्याने मोटार बंद करायचा हुकूम दिला. फोन वाजेपर्यंतचा वेळ तिला फार वाटला.

"बंद पडनी," नाना म्हणाले. "आपेआप. मी हात नही लावा."

"मंग डबा?"

"ऱ्हाऊ दे. पन ऑटो मी लावस नही."

रोहिणीने ललितला 'चालला' एवढंच कळवलं. पुढची पाळी रात्रीची होती. तोवर गावीच राहायचं ठरवून तिने पुण्याचं तिकीट रद्द केलं.