खंदकात अडकलेली फौज आणि आत्याचं ‘हाउएव्हर’

माझं इंग्रजी ऐकून एक परदेशी पाहुणा दौलताबादच्या पायथ्याशी उभ्या उभ्या मराठी शिकला होता. खोटं वाटत असेल तर तिथल्या सीताफळवालीला विचारा. त्यानं मला एवढंच विचारलं, की ही टेकडी अशी गाजरासारखी तासली कुणी? मी सांगायला लागले. जरा वेळानं त्यानं घाम पुसला, सीताफळवालीकडं वळला आणि स्वच्छ म्हणाला, “मावशी, पाणी.”

मी त्या वेळी एका प्रवासी कंपनीत गाईड होते. शाळेच्या सहली आणि कुठं कुठं लग्नाला आलेली वऱ्हाडं माझ्या वाट्याला यायची. मराठीत मी किल्ला असा सांगायचे की वऱ्हाडाचं लग्न लांबायचं. पण हिवाळ्यात येणाऱ्या परदेशी टोळ्या, ज्यांच्यासाठी गाईड लोक एकमेकांच्या चहात मीठ टाकायचे, त्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या. एक दिवस मालकांनी बोलावलं.

“ताई, दिल्लीच्या मॅडम यायल्यात. परदेशी टोळ्या त्याच पाठवतात. त्यांच्यापुढं किल्ल्याची गोष्ट इंग्रजीत सांगा. जमलं तर हिवाळा तुमचा.”

“आणि नाय जमलं तर?”

“तर कचेरीत फोन उचला. शाळेच्या सहली आता मी भाच्याला देतोय.”

मी आणि खुर्ची! माझ्या पायाला भोवरा आहे असं आई पाळण्यापासून सांगते. मला फोनला बांधणं म्हणजे वासराला कपाटात ठेवणं. मी तडक चिकलठाण्याला आत्याकडं गेले.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिचा फ्लॅट विमानतळाच्या इतका जवळ, की विमान उतरताना पायलट तिच्या गॅलरीतलं लोणचं मुरलंय का ते सांगू शकेल. मी तिला माझी गोष्ट म्हणून दाखवली. “द किंग केम. द किंग वॉज टायर्ड. द किंग स्लेप्ट. द एनिमी केम.”

“हे काय गं?” आत्या म्हणाली. “वाक्यं हायत का बाजारातल्या शेळ्या? एकीचं दावं दुसरीला नाय. राजा झोपला म्हणून शत्रू आला, का राजा झोपला तरी शत्रू आला, का शत्रू येईपर्यंत राजा झोपला? ऐकणाऱ्यानं घरी जाऊन जुळवायचं का?”

“मराठीत मी बरोबर जुळवते की.”

“मराठीत तुझं फुकटात होतं. उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, बस पकडून पैठणला जाऊन आलीस तरी एकच वाक्य चालूय. इंग्रजीत प्रत्येक सांध्याला माणूस उभा करावा लागतो.”

मग तिनं एकेक माणूस उभा करायला घेतला, आणि काय सांगू, मला शाळेत जे व्याकरण एरंडेलासारखं पाजलं होतं ते इथं पुरणपोळीसारखं उतरायला लागलं! बिकॉज म्हणजे कारण घेऊन येणारा, सो म्हणजे परिणाम सांगणारा. मी उत्साहात ऑल्दो घेतला. “ऑल्दो द वॉल वॉज हाय, बट दे क्लाइंब्ड!”

“थांब. जरी घेतलास ना? मग तरी घ्यायचा नाय. इंग्रजीत एक आला की दुसऱ्यानं घरी बसायचं.”

“आपल्यात तर दोघंही येतात.”

“आपल्यात जेवायला जोडप्यानं बोलावतात, बये. त्यांच्यात पत्रिका एकाच्याच नावानं.”

हाउएव्हरवर मात्र ती आली तेव्हा खुर्ची सोडून उभी राहिली. “बट हा घरचा. दोन वाक्यं एका ताटात कालवतो. हाउएव्हर मानाचा पाहुणा. आधीचं वाक्य पुरतं संपव, पूर्णविराम दे, मग त्याला आत घे आणि त्याच्यानंतर क्षणभर थांब. देअरफोर, मीनव्हाइल, नेव्हरदलेस, सगळे त्याचेच भाऊबंद. जात क्रियाविशेषणाची, धंदा उभयान्वयी अव्ययाचा. म्हणून तर बसतात कुठंही. वाक्याच्या दारात, माजघरात, नाहीतर पार मागल्या अंगणात. बटला कधी शेवटी बसलेला बघितलास?”

नव्हता बघितला. आनंदानं मी टाळी वाजवली, तेवढ्यात वरून विमान गेलं आणि आत्याला वाटलं टाळीनंच खिडकी हादरली.

कळत सगळं होतं, पण बोलताना ऐन वेळी शब्द सुचायचा नाही. तेव्हा आत्यानं आमच्या घराण्याचं हत्यार काढलं, ते म्हणजे हुंकारा. आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं, तेव्हा गोष्ट पुढं चालते. आणि हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं तोंड मिटायचं. समोरचा झोपलेला तरी असतो किंवा कंटाळलेला तरी. अशाला गोष्ट सांगत राहणं म्हणजे भरल्या पोटाला वाढत राहणं. आत्यानं नुसता ‘हूं’ न देता प्रश्न द्यायला सुरुवात केली. मी वाक्य टाकलं की ती विचारायची, “पण?” मी म्हणायचे, हाउएव्हर! “म्हणून?” देअरफोर! “तेवढ्यात तिकडं?” मीनव्हाइल! आठवड्याभरात माझं इंग्रजी असं पळायला लागलं, की सोसायटीची कुत्री रस्ता सोडून उभी राहायची.

परीक्षेच्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये एसी असा लावला होता की माझ्या तोंडातून निघालेला पहिला शब्द गोठून टेबलावर पडला. मालक एका बाजूला, दिल्लीच्या मॅडम दुसऱ्या बाजूला. मॅडमच्या हातात पेन, चेहरा इस्त्रीचा. मी गोष्ट सुरू केली, माझ्या गावात सांगतात ती. शत्रूची फौज आली. हत्ती इतके, की रांगेतल्या शेवटच्या हत्तीला अजून निघायचंय. फौज खंदकात उतरली. खंदकात सुसरी, सुसरींच्या पोटात आधीच्या फौजा.

इथं मी थांबले. ‘पण?’ हवा होता.

कुणी काही म्हणेना. मॅडम बघतायत. मालक बघतायत. एसी तेवढा हूं हूं करतोय, पण एसीच्या हुंकाऱ्यावर गोष्ट कोण सांगतं? माझ्या मनात आलं, संपलं. यांना कंटाळा आला. आता रेटणं म्हणजे असभ्यपणा. मी हात जोडले, थँक्यू म्हणाले आणि चांगल्या घरच्या मुलीसारखी उठून दाराकडं निघाले.

“अहो ताई!” मालक ओरडले. “फौज खंदकातच ठेवून कुठं निघालात?”

“साहेब, हुंकारा आला नाय. मला वाटलं, नको झालं.”

मालक कपाळाला हात लावून हसायला लागले. त्यांनी मॅडमना आमची रीत इंग्रजीत समजावली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इंग्रजीतच, सावकाश म्हणाल्या, “माझे पाहुणे असेच ऐकतात. गप्प. ती त्यांची अदब आहे. तुम्ही प्रत्येक वेळी त्यांना किल्ल्यावर सोडून घरी जाणार का?”

मी दाराच्या कडीला हात लावून उभी. बाहेरच्या टेबलावर फोन वाजत होता, माझ्याच नावानं हाका मारल्यासारखा. आणि त्या कडीला धरून माझ्या डोक्यात असा उजेड पडला, की केबिनचे दिवे मंद वाटले! अहो, हे हाउएव्हर, हे देअरफोर, हे मीनव्हाइल म्हणजे दुसरं काय? ऐकणाऱ्याचाच हुंकारा, सांगणाऱ्यानं आपल्या तोंडात घेतलेला! तिकडची माणसं ऐकताना गप्प बसतात, म्हणून त्यांच्या भाषेनं समोरच्याचं ‘पण?’ आणि ‘म्हणून?’ शब्द करून सांगणाऱ्याच्याच झोळीत टाकलंय. मला आत्या सोबत लागतच नव्हती.

मी परत फिरले. बसले नाही. उभीच राहिले.

“हाउएव्हर,” मी म्हणाले आणि मानाच्या पाहुण्यामागं थांबतात तशी थांबले. इस्त्रीचा चेहरा पुढं झुकला. हाउएव्हर, किल्ल्यात एक स्वयंपाकीण होती. ऑल्दो तिच्याकडं तलवार नव्हती (आणि बटला मी घरी बसवलं, आत्या, शप्पथ), तिच्याकडं मिरच्यांची कोठारं होती. शत्रू खंदक ओलांडून अंधारीत, म्हणजे त्या भुयारी वाटेत, शिरला. मीनव्हाइल, बाईनं भुयाराच्या वरच्या तोंडाशी तवा तापवला. देअरफोर अख्खी फौज शिंकली. एकदम. त्या शिंकेनं तोफेचं तोंड फिरलं, हत्ती मागं सरकले, आणि शेवटचा हत्ती, जो अजून निघाला नव्हता, तो निघायचाच राहिला.

मॅडमनी तोंडावर हात धरला होता. खांदे हलत होते. मग म्हणाल्या, “गाडी काढा. मला ते भुयार आत्ता बघायचंय.”

आम्ही तशाच निघालो. मालक दुसऱ्या कमानीतच बसले. मी मॅडमना वर नेलं, वटवाघळांच्या वासात, पायऱ्यांवरून, बोलत बोलत, आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मला काहीच वाटलं नाही. खाली उतरल्यावर त्यांनी खंदकात वाकून बघितलं.

“सुसर तर एकही नाही.”

“नो, मॅडम,” मी म्हणाले. “सुसरी, हाउएव्हर, दुपारी झोपतात.”

त्यांनी तिथंच, खंदकाच्या काठावर, मालकांना फोन लावला आणि हिवाळ्याची पहिली टोळी माझ्या नावावर लिहायला सांगितली. वर एक अट घातली, की हत्ती थोडे कमी करायचे. मी दोन कमी केले.